दहा डॉलरचा वकील



सातारा जिल्ह्यांतील ज्या गांवीं मीं प्रथम मास्तरकी केली, तेथें घरटीं एक तरी माणूस फौजेंत गेलेला असे. शाळा सुटल्यावर माझ्याकडून कागद वाचवून घेण्यास येणारांत पेन्शनर शिपायांचाच भरणा अधिक. पस्तीसेक वर्षांपूर्वीं एके सायंकाळीं गुडघ्यानें अधू झालेले एक सुभेदार सरकारी उत्तर घेऊन आले. अपंगत्वाचें निवृत्तिवेतन नामंजूर झाल्याचें तें पत्र होतें. मीं तें वाचून दाखविलें. कागदाची घडी करीत ते म्हणाले, "गुरुजी, भांडायची ताकद अजून आहे. पण चांगला वकील मिळायचा कुठं, आणि त्याला द्यायचं काय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें इतिहास वाचतांना मला आढळून आलें कीं, हाच प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जखमी शिपायांना सव्वाशें वर्षें छळीत होता. आणि नवल असें कीं, त्यांच्या वाटेंतील अडथळा त्यांच्याच कल्याणासाठीं केलेल्या एका कायद्याचा होता. आज त्याच कायद्याची हकीकत आपणांस सांगणार आहें.

१८६१ सालीं तेथें उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध पेटलें. जखमींची संख्या झपाट्यानें वाढली. तेव्हां १४ जुलै १८६२ रोजीं अमेरिकन काँग्रेसनें पेन्शनचा नवा कायदा केला. पूर्ण विकलांग झालेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर, व लेफ्टनंट कर्नल आणि त्यावरील अधिकाऱ्यास ३० डॉलर, असे दर त्यानें ठरविले. विधवा व अनाथ मुलें यांचीही त्यांत सोय होती.

परंतु कायद्यानें हक्क दिला, तरी तो पदरांत पडण्यास पुरावा लागतो. जखम नोकरींतच झाली हें दाखविण्यासाठीं वैद्याचा दाखला हवा, सोबत्यांचीं प्रतिज्ञापत्रें हवींत. शिपाई आपल्या शेतावर परतलेला, कप्तान कदाचित् रणांगणावरच पडलेला, आणि पेन्शनची कचेरी दूर वॉशिंग्टनला. अशा वेळीं शिपायाच्या दारीं दलाल येऊन उभा राहिला. "सही कर, बाकीचें मी पाहतों," असें म्हणावयाचें आणि मिळालेल्या रकमेचा लचका तोडावयाचा, हा त्याचा धंदा.

काँग्रेसला ही लूट दिसत होती. म्हणून १८६२ च्या त्याच कायद्यांत दावा तयार करून पाठविण्याची फी ५ डॉलर ठरवून दिली गेली. १८६४ सालीं ती मर्यादा १० डॉलर झाली. अधिक घेणारास सक्तमजुरीच्या कैदेची शिक्षा होती. त्या काळच्या मानानें ही रक्कम क्षुल्लक नव्हती. साध्या शिपायाच्या पूर्ण विकलांगतेच्या महिन्याभराच्या पेन्शनपेक्षां ती दोन डॉलरांनीं अधिकच भरे. आणि काम तरी काय, तर बहुधा नमुना भरणें, साक्षी गोळा करणें व पत्रव्यवहार ठेवणें. कायदा करणारांची दृष्टि स्वच्छ होती, असेंच म्हटलें पाहिजे.

दलालांनीं मात्र यांतूनही वाट काढली. एका दाव्यामागें दहाच डॉलर मिळत असतील, तर दावे हजारोंनीं घ्यावे, हा त्यांचा हिशेब. वॉशिंग्टनच्या जॉर्ज लेमन या प्रसिद्ध मुखत्यारानें १८७७ सालीं 'नॅशनल ट्रिब्यून' नांवाचें पत्र काढून निवृत्त सैनिकांत पेन्शनच्या सवलतींसाठीं चळवळ चालविली. १८७९ सालीं मागील थकबाकी देण्याचा कायदा झाला आणि दाव्यांचा पूर लोटला. फीवर मर्यादा घातली म्हणजे लोभावर मर्यादा पडतेच असें नाहीं, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

दुसरा धडा याहून कठीण आहे. काळ बदलला, युद्धें बदललीं, पैशाचें मोल घटलें. परंतु दहा डॉलरचा आंकडा जागचा हालला नाहीं. पहिल्या महायुद्धानें विषारी वायूनें पोळलेलीं फुप्फुसें आणि ढांसळलेलीं मनें मागें ठेविलीं. १९३० सालीं माजी सैनिकांचा सर्व कारभार एका स्वतंत्र खात्याकडे गेला. १९३३ सालीं मंदीच्या दिवसांत झालेल्या काटकसरीच्या कायद्यानें या खात्याचा निर्णय अखेरचा ठरविला. त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याची सोय उरली नाहीं. वकिलाला फी नाहीं आणि न्यायाधीशाकडे वाट नाहीं, अशी दुहेरी कोंडी झाली.

या कोंडींत शिपाई अगदींच निराधार होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९१९ सालीं निघालेली अमेरिकन लीजन आणि तिच्यासारख्या इतर सैनिकसंस्था यांनीं जाणते कार्यकर्ते तयार केले. ते आजतागायत एक पैसाही न घेतां माजी सैनिकांचे दावे मांडीत आले आहेत. साध्या दाव्यास एवढें साहाय्य बहुधा पुरे. पण सर्वच दावे साधे नसतात.

अणुबाँबच्या चांचण्यांच्या वेळीं हजर ठेवलेले, आणि हिरोशिमा व नागासाकी येथें युद्धानंतर पाठविलेले अमेरिकन सैनिक होते. पुढें कित्येक वर्षांनीं त्यांपैकीं कांहींना कर्करोग जडला. अंगावर गोळीची खूण नाहीं. किरणांची मात्रा किती लागली याच्या नोंदी सरकारच्याच हातीं. आणि रोगाचें मूळ त्यांतच आहे हें सांगावयास शास्त्रज्ञ हवेत. असा दावा दहा डॉलरांत कोण चालविणार? म्हणून या सैनिकांच्या संघटनेनें मूळ कायद्यालाच आव्हान दिलें. कॅलिफोर्नियांतील न्यायालयानें त्यांची बाजू उचलून धरली. परंतु १९८५ सालीं वॉल्टर्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला.

न्यायमूर्ति रेनक्विस्ट यांनीं बहुमताचा निकाल लिहिला. खात्यापुढील कामकाज अनौपचारिक व सलोख्याचें असावें, वकील आले कीं तें लांबेल व झगड्याचें होईल, अशी भीति सरकारास वाटणें रास्त आहे, असा त्याचा आशय. आंकडेही पुढें होते: अपिलांत कोणाचेंच साहाय्य नसणारांपैकीं १५.२ टक्के यशस्वी होत, तर वकिलाकरवीं गेलेल्यांपैकीं १८.३ टक्के. फरक थोडा, म्हणून वकिलाची गरज थोडी, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं भिन्नमत नोंदविलें. आपल्या पैशानें आपला वकील निवडण्याचें स्वातंत्र्य प्रौढ नागरिकाकडून कां काढून घ्यावें, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मला विचाराल तर सरासरीच्या आंकड्यानें गुंतागुंतीच्या एका दाव्याचा न्याय करतां येत नाहीं. वर्गांतील सरासरी गुण चांगले आले, म्हणून नापास झालेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणारा मास्तर मास्तर नव्हे.

न्यायालयांत हरलेली बाजू तीनच वर्षांनीं विधिमंडळांत जिंकली. १९८८ च्या कायद्यानें माजी सैनिकांच्या अपिलांसाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें व दहा डॉलरची मर्यादा गेली. आरंभीं खात्याच्या अपील-मंडळानें अंतिम निर्णय दिल्यावरच वकिलाला फी घेतां येई. २००६ च्या कायद्यानें ती मुभा अपिलाच्या पहिल्या पायरीपर्यंत खालीं आली, आणि २०१७ च्या कायद्यान्वयें, जो २०१९ पासून अंमलांत आला, मूळ दाव्याचा पहिला निर्णय हातीं पडतांच वकील नेमतां येऊं लागला. मूळ दावा दाखल करण्याबद्दल मात्र फी घेण्यास मनाईच राहिली. मिळालेल्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानावी, आणि एक तृतीयांशाहून अधिक असेल तर ती गैरवाजवी समजावी, असाही दंडक घातला गेला. वकिलानें खात्याची मान्यता घेतलेली असली पाहिजे, आणि मान्यताप्राप्तांची यादी सर्वांस पाहतां येते.

गोष्ट येथेंच संपती तर बरें होतें. २००६ सालीं जुनी तुरुंगाची शिक्षा काढून टाकण्यांत आली. पुढें, विशेषतः २०२२ सालीं विषारी धूर व रसायनें यांनीं आजारी झालेल्यांना मोठी सवलत देणारा कायदा झाल्यावर, कसलीही मान्यता नसलेल्या मंडळ्या भरमसाट पैसे घेऊन दावे तयार करून देऊं लागल्या. १८६२ चा दलाल नवा पोशाख चढवून परतला!

मग कायदा चुकला कोठें? चोरावर पहारा बसविला, यांत चूक नव्हती. त्या पहाऱ्यानें सोबत्याचीही वाट अडविली, आणि तो उठवितांना चोर मोकळा सुटला, ही चूक. दीनांच्या रक्षणासाठीं केलेला नियम दर पिढीनें पुन्हा तपासला नाहीं, तर तो त्यांच्याच पायांतील बेडी होतो.

आपल्या देशांत २००७ च्या कायद्यानें सशस्त्र दलांसाठीं न्यायाधिकरण निर्माण झालें. त्याचें एक पीठ मुंबईंत आहे, आणि तेथें अर्जदारास वकील देतां येतो. ते सुभेदार आज माझ्या ओट्यावर आले असते, तर मीं त्यांना सांगितलें असतें: "सुभेदार, आधीं जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांत जा, तेथील सल्ला फुकट आहे. मग वकिलाकडे गेलांत, तर असे दावे त्यानें किती चालविले आणि फी किती व केव्हां, हें विचारा, व उत्तर लिहून घ्या. आणि जो 'हमखास मिळवून देतों' म्हणेल, त्याच्या दारांतून माघारीं फिरा."

त्या सायंकाळीं एवढें मला ठाऊक नव्हतें. सुभेदारांनीं तो कागद खिशांत घातला, काठी उचलली, रामराम केला आणि ते निघून गेले. त्यांच्या त्या प्रश्नाचें उत्तर आज उशिरां कां होईना, आपणां सर्वांच्या साक्षीनें देत आहें.