पोटातल्या जिवाणूंचा मेंदूच्या म्हातारपणाशी काय संबंध?

वय वाढलं की विसरभोळेपणा येतो, असं आपण धरून चालतो. पण मेंदू किती लवकर थकतो, यात आतड्यातल्या जिवाणूंचाही वाटा असावा, असं संशोधन सांगतं.

संबंध जुळतो कसा?
आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारे तंतू खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर घट्ट ठेवतात. अस्तर सैल झालं की नको ते घटक रक्तात शिरतात, शरीरात सूज वाढते आणि तिची झळ मेंदूलाही लागते. शिवाय व्हेगस नावाची नस पोटातले निरोप थेट मेंदूकडे नेते.

वयाबरोबर काय बदलतं?
पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर तेच, तरी वयानुसार जिवाणूंचं प्रमाण वेगळं दिसलं. मात्र हा अभ्यास फार छोटा होता.

पुरावा किती पक्का?
२०२१ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे तरुण उंदरांच्या विष्ठेतले जिवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिले, तेव्हा त्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर प्रयोग केला. १२ आठवडे तंतूंची पूड घेणाऱ्यांनी स्मरणाच्या चाचणीत जास्त गुण मिळवले. पण यामुळे स्मृतिभ्रंश टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मग खायचं काय?
अड्याळसारख्या भंडारा जिल्ह्यातल्या भातपट्ट्यात ताटात भात जास्त असतो, आणि पांढऱ्या भातात तंतू कमी. त्याच्या जोडीला वरण, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी घेतली की जिवाणूंनाही खुराक मिळतो. महागड्या प्रोबायोटिक गोळ्यांची गरज नाही. तंतू हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं.

हे लक्षात ठेवा
आजोबा ओळखीचा रस्ता चुकू लागले, पैशांचा हिशेब जमेना, तर ताक-भाकरीवर विसंबून राहू नका. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी असं होतं. साध्या रक्ततपासणीत तो कळतो आणि त्यावर उपचारही आहेत. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.