सीमापार दडपशाहीविरोधी शीख चळवळ

भारताबाहेर, मुख्यतः कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका या देशांत स्थायिक झालेल्या शिखांनी परकीय शासनाच्या दबावापासून संरक्षण मिळावे आणि १९८४ मध्ये व त्यानंतर पंजाब व दिल्लीत झालेल्या मानवाधिकार उल्लंघनांबद्दल न्याय व्हावा, यासाठी चालविलेली चळवळ. एखादे शासन आपल्या सीमेबाहेर राहणाऱ्या टीकाकारांना गप्प बसविण्यासाठी जे मार्ग अवलंबते, त्यांना ‘सीमापार दडपशाही’ म्हणतात. हत्या व मारहाण यांबरोबरच पाळत, धमक्या, मायदेशातील नातेवाइकांवर दबाव, व्हिसा किंवा परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे (ओसीआय) कार्ड नाकारणे आणि इंटरपोलच्या रेड नोटिसचा, म्हणजे आरोपीस शोधून अटकेत ठेवण्याविषयी सदस्य देशांना केलेल्या विनंतीचा, राजकीय वापर हे प्रकारही तीत येतात. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात सुमारे ७ लाख ७२ हजार, तर इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ५ लाख २४ हजार शीख होते. व्हँकुव्हरजवळील सरे, टोरांटोजवळील ब्रॅम्पटन, बर्मिंगहॅम आणि कॅलिफोर्निया ही चळवळीची प्रमुख केंद्रे होत.

पूर्वेतिहास : परदेशातील शिखांवर पाळत ठेवण्याची प्रथा वसाहतकाळाइतकी जुनी आहे. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थापन झालेल्या गदर पक्षात बहुसंख्य कार्यकर्ते पंजाबी शीख असले, तरी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे मराठी क्रांतिकारकही त्यात होते. पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत लाहोर येथे फाशी देण्यात आली. या मंडळींची माहिती काढण्यासाठी व्हँकुव्हरच्या इमिग्रेशन खात्यातील विल्यम हॉपकिन्सन हा अधिकारी खबऱ्यांचे जाळे चालवीत असे. व्हँकुव्हरला आलेल्या कोमागाता मारू जहाजातील बहुतेक शीख उतारूंना १९१४ मध्ये किनाऱ्यावर न उतरविता परत धाडण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच हॉपकिन्सनच्या एका खबऱ्याने व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यात गोळीबार करून दोघांना ठार केले आणि ऑक्टोबरमध्ये मेवासिंग यांनी न्यायालयाच्या इमारतीत हॉपकिन्सनला गोळ्या घातल्या. जानेवारी १९१५ मध्ये फाशी गेलेल्या मेवासिंग यांचा स्मृतिदिन कॅनडातील शीख आजही पाळतात.

न्यायाची मागणी : चळवळीचे आजचे स्वरूप १९८४ च्या घटनांतून घडले. जूनमधील सुवर्णमंदिरावरील लष्करी कारवाई (ऑपरेशन ब्लू स्टार), ३१ ऑक्टोबर रोजी शीख अंगरक्षकांनी केलेली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या आणि त्यानंतरच्या शीखविरोधी हत्याकांडात, अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत गेलेले २,७३३ बळी यांमुळे परदेशातील शीख समाज हादरून गेला. त्याच वर्षी जागतिक शीख संघटना (वर्ल्ड शीख ऑर्गनायझेशन) स्थापन झाली. पुढील दशकात पंजाबातील सशस्त्र बंडखोरी मोडून काढताना पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेऊन ठार केल्याच्या तक्रारी आल्या. अमृतसरचे मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांनी स्मशानभूमींच्या नोंदवह्या आणि सरणासाठी दिलेल्या लाकडांच्या नोंदी पडताळून पाहिल्या आणि पोलिसांनी बेवारस म्हणून दहन केलेल्या मृतदेहांचा माग काढला. १९९५ मध्ये कॅनडात जाऊन त्यांनी ही माहिती तेथील शीख समाजापुढे व लोकप्रतिनिधींपुढे मांडली. भारतात परतल्यावर ६ सप्टेंबर रोजी त्यांचे राहत्या घरापासून अपहरण झाले व नंतर त्यांची हत्या करण्यात आली. केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) अमृतसर जिल्ह्यातील तीन स्मशानभूमींत असे २,०९७ दहनविधी झाल्याचे नोंदविले. खालडा प्रकरणात २००५ मध्ये पोलीस कर्मचारी दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षा कायम केल्या. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये स्थापन झालेली ‘एन्साफ’ ही संस्था याच पद्धतीने गावोगावच्या बेपत्ता व्यक्तींची नोंद करते. खालडा यांच्या जीवनावरील ‘पंजाब ९५’ या चित्रपटाला सेन्सॉर मंडळाने सुचविलेल्या काटछाटीचा वाद २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता.

आक्षेप व अंतर्गत हिंसा : भारत सरकारच्या मते या चळवळीचा एक भाग खलिस्तान या स्वतंत्र शीख राष्ट्राच्या मागणीसाठीच्या दहशतवादाला संरक्षण देतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात कॅनडास्थित शीख अतिरेक्यांनी घडविलेल्या स्फोटात ३२९ जण मरण पावले. या प्रकरणी इंदरजितसिंग रेयात हा एकटाच दोषी ठरला. हिंसेचा निषेध करणारे ‘इंडो-कॅनेडियन टाइम्स’चे संपादक तारासिंग हेयर यांची १९९८ मध्ये सरे येथे हत्या झाली. म्हणून चळवळीचे मूल्यमापन करताना स्वतंत्र राष्ट्राची मागणी, त्या मागणीसाठी केलेली हिंसा आणि मानवाधिकारांचा आग्रह या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांची सरमिसळ काही कार्यकर्त्यांनीही केली आहे आणि त्यांच्या विरोधकांनीही.

अलीकडील प्रकरणे : स्कॉटलंडमधील डंबार्टनचा रहिवासी जगतारसिंग जोहल याला विवाहासाठी पंजाबात आला असता नोव्हेंबर २०१७ मध्ये जालंधर येथे अटक झाली. कोठडीत छळ झाल्याचा त्याचा आरोप भारतीय अधिकाऱ्यांनी फेटाळला; मनमानी अटकेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने मात्र त्याची स्थानबद्धता मनमानी ठरविली. मार्च २०२५ मध्ये मोगा येथील खटल्यात तो निर्दोष सुटला, तरी इतर खटल्यांमुळे तुरुंगातच राहिला. १८ जून २०२३ रोजी सरे येथील गुरु नानक शीख गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष हरदीपसिंग निज्जर यांची गुरुद्वाऱ्याच्याच वाहनतळावर गोळ्या झाडून हत्या झाली. भारताने त्यांना २०२० मध्ये दहशतवादी घोषित केले होते. समर्थकांच्या मते ते खलिस्तानविषयक सार्वमताचे शांततामय प्रचारक होते. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी १८ सप्टेंबर २०२३ रोजी संसदेत, या हत्येत भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याचे विश्वासार्ह आरोप आहेत, असे सांगितले. भारताने ते निराधार म्हणून फेटाळले. पुढे चार भारतीय नागरिकांना अटक झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या सहा राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली. भारतात बंदी असलेल्या ‘शीख्स फॉर जस्टिस’चे गुरपतवंतसिंग पन्नू यांच्या न्यूयॉर्कमधील हत्येच्या कथित कटाबद्दल अमेरिकेने निखिल गुप्ता व माजी भारतीय अधिकारी विकास यादव यांच्यावर आरोप ठेवले. भारताने नेमलेल्या उच्चस्तरीय चौकशी समितीने जानेवारी २०२५ मध्ये एका व्यक्तीविरुद्ध कायदेशीर कारवाईची शिफारस केली.

कार्यपद्धती : गुरुद्वारा हा चळवळीचा कणा आहे. संगतीत, म्हणजे तेथे जमणाऱ्या भाविक समुदायात, माहिती पसरते, निधी उभा राहतो आणि बैसाखीच्या नगरकीर्तनात, म्हणजे धार्मिक मिरवणुकीत, मागण्यांचे फलक झळकतात. जिवाला धोका असल्याची लेखी सूचना कॅनडाच्या पोलिसांकडून मिळालेले कार्यकर्ते केवळ सूचनेवर न थांबता प्रत्यक्ष संरक्षणाची मागणी करतात. परकीय हस्तक्षेपाविषयी न्यायमूर्ती मारी-जोझे ओग यांच्या आयोगापुढे शीख संघटनांनी बाजू मांडली. जून २०२४ मध्ये कॅनडाने परकीय हस्तक्षेपविरोधी कायदा केला. कॅलिफोर्नियात पोलिसांना सीमापार दडपशाही ओळखण्याचे प्रशिक्षण देणारे विधेयक २०२५ मध्ये विधिमंडळात संमत झाले. ‘दडपशाही’ची व्याख्या सैल असल्याने भारताशी जवळीक असलेल्यांवर संशय घेतला जाईल, अशी हरकत काही हिंदू अमेरिकन संघटनांनी घेतली होती; अखेर गव्हर्नरांनी विधेयक नामंजूर केले. प्रवेशबंदीच्या प्रश्नावर मात्र तडजोडही झाली आहे : भारत सरकारने २०१९ मध्ये परदेशस्थ शिखांच्या काळ्या यादीतील ३१४ पैकी ३१२ नावे वगळली.

मूल्यमापन : स्थलांतरितांच्या खाजगी भीतीला पोलीस, संसद आणि न्यायालय यांच्या कामकाजात स्थान मिळवून देणे, हे या चळवळीचे मुख्य यश होय. खालडा यांच्या काळापासून तिचे सर्वांत प्रभावी साधन सभेतील घोषणा नसून पडताळता येणारी नोंद हे राहिले आहे आणि जेथे अशी नोंद न्यायालयापर्यंत पोहोचली तेथेच, उशिरा का होईना, शिक्षा झाल्या. जेथे चळवळीने हिंसेपासून स्वतःला स्पष्टपणे अलग केले नाही, तेथे तिची मागणी दुबळी झाली. निज्जर प्रकरणात राज्यसंस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने अद्याप निकाली काढलेला नाही.