लॉगिनमधलं लाकूड

'बचत' आणि 'हप्ता' या शब्दांइतकाच 'लॉगिन' हा शब्द आता आपल्या गटांत रुळला आहे. "लॉगिन होईना", "ताई, तुमचं लॉगिन द्या," असं आपण सहज बोलतो. पण यातला लॉग म्हणजे काय? इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. तो मोबाइलात कसा शिरला, ते आज सांगणार आहोत.

त्यासाठी शिडाच्या जहाजावर जावं लागेल. भर समुद्रात ना रस्ता, ना मैलाचा दगड. किती अंतर आलो हे काढायचं तर वेग कळायला हवा. खलाशी काय करत? दोरीला लाकूड बांधून ते जहाजाच्या मागून पाण्यात टाकत. पुढे त्या लाकडाला घडीव आकार आला. चतकोर भाकरीसारखी फळी, तिच्या गोल कडेला शिसं. त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि फारशी जागची हलत नसे. जहाज पुढे निघालं की दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. एक जण वाळूचं घड्याळ धरी, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. १५७४ साली विल्यम बोर्न या इंग्रजाने आपल्या पुस्तकात ही रीत लिहून ठेवली. पुढे माप पक्कं झालं: २८ सेकंद, आणि दोन गाठींत साधारण साडेचौदा मीटर. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात. जहाजाचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. आपण मनाशी खूणगाठ बांधतो, त्यांनी दोरीला बांधली!

मोजलेला वेग आधी खडूने पाटीवर लिहीत, मग वहीत उतरवत. लाकडाची, म्हणजे लॉगची वही, म्हणून लॉगबुक. वेग, दिशा, वारा, सगळं त्यात. त्यावरून जहाज कुठे आहे याचा हिशोब मांडायचा. तो चुकला तर काय होई? ऑक्टोबर १७०७ मध्ये इंग्लंडकडे परतणाऱ्या आरमाराला आपण नक्की कुठे आहोत हेच कळलं नाही. सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजं फुटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली.

संगणक आले तेव्हा हा शब्द जमिनीवर आला. १९६० नंतरच्या दशकात संगणक खोलीएवढा मोठा आणि महाग होता. एकाच यंत्रावर अनेक जण काम करत. कोण आलं, किती वेळ बसलं, याची नोंद यंत्र ठेवी. त्या नोंदीत नाव घालून आत जाणं म्हणजे लॉगिन, नाव घालून बाहेर पडणं म्हणजे लॉगआउट.

म्हणून आम्हाला वाटतं, लॉगिनला नुसतं 'चालू करणं' म्हणू नये. ती आपल्या नावाची सही आहे. कोऱ्या पावतीवर आपण अंगठा देत नाही, पण पासवर्ड मात्र "तूच टाक बाई" म्हणून दुसरीला सांगून मोकळ्या होतो. यंत्राला बोटं कुणाची ते कळत नाही. गटाचा एकच फोन चौघींत फिरत असेल, तर पहिलीने लॉगआउट करेपर्यंत पुढचीने भरलेला प्रत्येक आकडा पहिलीच्याच नावावर पडत राहतो.