डॉ. कोटणीसांचीं चीनमधील छायाचित्रें आणि त्यांच्या पत्नीची साक्ष

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे आपण प्रथम त्यावरील मिती, शिक्का व अक्षराचें वळण पाहतों. मजकुराकडे मागाहून वळतों. छायाचित्राविषयीं मात्र ही शिस्त आपल्या संग्राहकांस अजून लागलेली नाहीं. चित्र पाहिलें, खालीं छापलेलें नांव वाचलें, कीं काम झालें असें भल्याभल्यांस वाटतें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचीं चीनमधील छायाचित्रें आज अनेक पुस्तकांतून व स्मारकांतून दिसतात. त्यांची चिकित्सा कशी करावी, आणि त्यांपैकीं किती भाग एका व्यक्तीच्या स्मृतीवर अवलंबून होता, हें येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत सांगतों. जपानच्या आक्रमणाशीं लढणाऱ्या चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापति चू तेह यांनीं पं. नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं निधीसाठीं आवाहन केलें, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' बोटीनें पांच डॉक्टर मुंबईहून निघाले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख. ते त्यापूर्वीं स्पेनच्या युद्धांत सेवा करून आले होते. नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि आमचे कोटणीस हे बाकीचे. फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक येनानला पोंचलें. त्याच सालीं चोळकर व मुखर्जी परतले, १९४० मध्यें अटल, १९४३ मध्यें बसू. कोटणीस परतले नाहींत. जानेवारी १९४१ मध्यें ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, वारले.

या तारखा पाठ असल्या म्हणजे पुष्कळशा चित्रांचा काळ त्यांवरील मथळा न वाचतांच ठरवितां येतो. पांचही डॉक्टर एकत्र असतील तर चित्र सप्टेंबर १९३८ नंतरचें व १९३९ संपण्यापूर्वींचें. अंगावर आठव्या मार्गसेनेचा गणवेश असेल तर तें येनानला पोंचण्यापूर्वींचें म्हणण्यास विशेष आधार लागेल. पत्नीसह काढलेलें चित्र १९४० पूर्वींचें असूं शकत नाहीं. आणि मुलासह एखादें आढळल्यास त्याची मर्यादा फारच आंखूड: मुलगा २३ ऑगस्ट १९४२ रोजीं जन्मला, म्हणजे बापलेकांचा सहवास उणापुरा साडेतीन महिन्यांचा. आपल्या बखरींचे काळ ठरवितांना एवढी निश्चित चौकट आपणांस क्वचितच लाभते.

नांवांच्या बाबतींत मात्र एक खांचखळगा आहे. पथकांतील प्रत्येकानें आपल्या चिनी नांवाच्या शेवटीं चीनवाचक 'हुआ' हें अक्षर घेतलें होतें. त्यामुळें चिनी मथळ्यांत कोटणीस हे 'के दिहुआ' म्हणून येतात. चोळकर 'झुओ केहुआ' आणि मुखर्जी 'मू केहुआ' होत. या शेवटच्या दोन नांवांत फरक केवळ पहिल्या अक्षराचा. ज्याला चिनी लिपि येत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून चोळकरांचें चित्र मुखर्जींच्या नांवें छापण्याचा धोका उघड आहे. मुलाचें 'यिन्हुआ' हें नांव याच पद्धतीचें. त्यांत भारत व चीन या दोहोंचीं अक्षरें आहेत.

आतां साक्षीकडे वळूं. कोटणीसांच्या पत्नी कुओ छिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिका होत्या. विवाह १९४१ चा. पति निवर्तल्यावर त्या जवळजवळ ७० वर्षें जगल्या आणि २८ जून २०१२ रोजीं ताल्येन येथें वारल्या. दरम्यान त्या अनेकदां भारतांत आल्या, सासरच्या माणसांस भेटल्या, आणि पतीच्या आठवणी त्यांनीं पुस्तकरूपानें दिल्या. चित्रांतील माणसें, जागा व प्रसंग सांगणारें त्यांच्याइतकें जवळचें दुसरें कोणीहि उरलें नव्हतें. मुलगा यिन्हुआ तर १९६७ मध्येंच, ऐन पंचविशींत, गेला.

अशा साक्षीचा आदर राखूनहि तिचे थर वेगळे केले पाहिजेत. ककुंग गांवचें रुग्णालय, तेथील सहकारी, डोंगराळ होपेइ प्रांतांतील मुक्काम हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें; तेथें त्यांचा शब्द समकालीन कागदाच्या तोलाचा. बोटीवरील, कँटनमधील किंवा हँकोमधील चित्रांविषयीं त्यांचें ज्ञान पतीकडून ऐकलेलें. सोलापूरच्या बालपणाविषयींचें बरेचसें सासरच्या घरीं मागाहून कळलेलें. हे तिन्ही थर एकाच ग्रंथांत, एकाच प्रेमळ सुरांत येतात. ते निवडण्याचें काम आपलें. पतिपत्नीच्या नात्यामुळें साक्ष अविश्वसनीय ठरते असें मानणारा एक वर्ग आहे. तो आम्हांस पटत नाहीं. जिनें घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांस जेवूं घातलें, तिला चेहरे चांगले ओळखतां येतात.

छायाचित्रकाराचें नांव हाहि प्रश्न आहेच. त्या सीमाप्रदेशाची चित्रपत्रिका जुलै १९४२ मध्यें शा फेइ यानें सुरू केली. १९४३ च्या डिसेंबरांत जपानी फौजेच्या छाप्यांत तिचे कांहीं कार्यकर्ते मारले गेले. तरी पाठीवर बांधून नेलेल्या निगेटिव्हज् वांचल्या. शा फेइला एका खुनाबद्दल १९५० मध्यें देहदंड झाला आणि तो निर्णय १९८६ मध्यें रद्द करण्यांत आला. मधल्या ३६ वर्षांत छापलेल्या एखाद्या प्रतीवर छायाचित्रकाराचें नांव नसेल, तर त्याचें कारण येथें शोधावें.

चित्रपटाविषयीं एवढेंच. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ चा, म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं आलेला. त्यांत शांताराम स्वतः कोटणीसांच्या व जयश्री त्यांच्या पत्नीच्या भूमिकेंत आहेत. त्यांतील देखावा वेगळा काढून अस्सल म्हणून दाखविणें अगदीं सोपें असल्यानें संग्राहकांनीं चित्रांतील चेहरा आधीं पाहावा.

कोटणीसांचें बरें झालें. सोलापुरांतील घरांत आतां स्मारक आहे, आणि शिच्याच्वांगलाहि त्यांची समाधि १९५३ पासून आहे. पण परदेशीं सेवेस गेलेल्या इतर डॉक्टरांचे आल्बम घरोघरीं पडून आहेत. यजमान गेल्यावर ते फक्त त्यांच्या पत्नीसच वाचतां येतात. तीहि गेली, कीं मुलें उत्तम चित्र चौकटींत बसविण्यासाठीं पानावरून उचकटतात, आणि पाठीमागची पेन्सिलीची ओळ डिंकाबरोबर निघून जाते. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. यासाठीं पान उचकटण्यापूर्वीं त्याचें दोन्ही बाजूंनीं चित्र घ्यावें, मथळा जसा असेल तसा, चुकीसुद्धां, उतरावा, आणि सांगणाऱ्याचें नांव व सांगितल्याची तारीख शेजारीं लिहावी.

चोळकरांसंबंधींचीं छायाचित्रें, पत्रें किंवा प्रवासांतील टांचणें नागपुराकडे कोणापाशीं असल्यास मूळ कागद न पाठवितां प्रथम नक्कल पाठवावी. ती आम्ही पुढील अंकीं छापूं.