मेख सांगायची कुणाला?

लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर रॉयल पॉलिटेक्निक नावाची एक संस्था होती. तिकीट काढून विज्ञानाची व्याख्यानं ऐकायची, प्रयोग पाहायचे, अशी ती जागा. १८६२च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे रसायनशास्त्राचे अध्यापक जॉन हेन्री पेपर यांनी निमंत्रितांसमोर डिकन्सच्या ‘द हाँटेड मॅन’ या कथेतला प्रवेश सादर केला, आणि रंगमंचावर भूत अवतरलं. आरपार दिसणारं, पाहता पाहता विरून जाणारं. पेपर यांचा बेत अगदी सरळ होता. आधी भूत दाखवायचं आणि लगोलग ते कसं केलं हे समजावून सांगायचं. पेशाच तो. पण समोर बसलेल्या लेखक, पत्रकार आणि शास्त्रज्ञ मंडळींची उडालेली गाळण पाहून त्यांनी समजावणं आयत्या वेळी लांबणीवर टाकलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती. त्याच्यासोबत त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

पुढे हे भूत पाहायला मायकेल फॅरडे आले. विजेची गुपितं उकलणारा हा माणूस थेट रंगमंचाच्या मागे गेला, सगळं न्याहाळलं, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही अशी कबुली दिली. पेपर यांनी त्यांचा हात धरला आणि समोरच्या पोकळीत पुढे नेला. हात काचेवर टेकला. रंगमंचावर तिरकी उभी केलेली भली मोठी काच, खाली प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात प्रखर उजेडात उभा असलेला नट, आणि काचेत पडलेलं त्याचं प्रतिबिंब. झालं भूत. काच इतकी स्वच्छ राखलेली की दोन पावलांवरूनही ती आहे हे कळू नये.

तिकीट काढून आलेल्यांना जे सांगितलं नाही ते फॅरडेंना फुकटात मिळालं. ‘हे कसं केलं?’ हा प्रश्न जादूगाराला जितका जुना, तितकंच त्याचं उत्तर माणूस पाहून बदलणारं. जादूगार गुपित कधीच सांगत नाही, हा समज खुद्द जादूपेक्षा बराच तरुण आहे.

जादूचे खेळ उलगडून सांगणारं इंग्रजीतलं पहिलं महत्त्वाचं पुस्तक १५८४ सालचं आहे. ते लिहिणारा रेजिनाल्ड स्कॉट जादूगार नव्हता, केंट परगण्यातला गृहस्थ होता. त्या काळात चेटकीण ठरवून बायकांना फासावर चढवत होते. चेटूक बिटूक काही नसतं, लोक ज्याला सैतानाची करणी म्हणतात ती निव्वळ हातचलाखी असते, हे पटवण्यासाठी त्याने खेळांची मेख पानोपानी सांगितली. नाणं नाहीसं कसं होतं, जिभेतून आरपार दाभण कसा घालतात, आणि सगळ्यात भारी म्हणजे ताटातलं तुटलेलं मुंडकं. टेबलाला दोन भोकं. एक पोरगा टेबलावर आडवा, त्याचं डोकं एका भोकातून खाली लपवलेलं. दुसरा टेबलाखाली, त्याचं डोकं दुसऱ्या भोकातून वर, ताटात. बघणाऱ्याला धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे दिसतं. हे सगळं लिहिताना स्कॉटला अपराधीही वाटत होतं. या खेळांवर पोट असलेल्या गरिबांचं आपण नुकसान करतोय याचं दुःख त्याने त्याच पुस्तकात नोंदवलं आहे. तरीही लिहिलं, कारण दुसऱ्या बाजूला माणसांचे जीव होते.

फ्रान्सच्या रोबेर-उदँची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. १८५६मध्ये फ्रेंच सरकारने या जादूगाराला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूत म्हणजे फकिरांचा लोकांवरचा प्रभाव कमी करायला. त्याच्या पेटाऱ्यात एक लहानशी पेटी होती. कुणीही सहज उचलावी अशी. पण जादूगाराची मर्जी फिरली की धट्टाकट्टा पहिलवानही ती जागची हलवू शकत नसे. रंगमंचाखाली विद्युतचुंबक होता. आधी लोकांना पुरतं घाबरवलं आणि मग दुभाष्यांकरवी सांगितलं, की ही करणी नव्हे, कसब आहे. सरकारचा हेतू अर्थातच उदात्त नव्हता; तुमच्या फकिरांपेक्षा आमचा जादूगार वरचढ, आणि तो तर नुसता खेळिया, असा तो हिशेब होता. दोनच वर्षांनी रोबेर-उदँने आत्मचरित्रात हे सगळं रंगवून लिहिलं आणि १८६८मध्ये जादूची गुपितं सांगणारं स्वतंत्र पुस्तक काढलं. १८७६मध्ये लंडनच्या अँजेलो लुइस या बॅरिस्टराने ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने ‘मॉडर्न मॅजिक’ छापलं, तेव्हा धंदेवाईक जादूगार हवालदिल झाले. नंतरच्या पिढीतले कितीतरी जादूगार मात्र तेच पुस्तक वाचून शिकले.

गुपिताची शपथ नीट बांधली गेली ती यानंतर. १९०२मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन जादूगारांची सोसायटी स्थापन झाली, तीही मार्टिंका यांच्या जादूच्या दुकानाच्या मागल्या खोलीत. पुढे गुपितं विकायला मांडलेली, मागे गुपितं न फोडण्याचा ठराव! १९०५मध्ये लंडनला ‘मॅजिक सर्कल’ निघालं. त्याचं लॅटिन ब्रीदवाक्य गुपित बाहेर बोलू नये याच अर्थाचं आहे. पहिला अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट. खेळ कसा केला असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं हे त्याने ठरवूनच टाकलं होतं: सगळं मायेने होतं! प्रश्नाचा मान राखायचा आणि उत्तर शून्य द्यायचं, यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण म्हातारपणी, १९३६मध्ये, याच डेव्हंटने मासिकात लेख लिहून काही खेळांची फोड केली आणि त्याने पहिलं अध्यक्षपद भूषवलेल्या मंडळानेच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. गुपितं त्याच्या स्वतःच्या खेळांची होती. आपलीच मूठ उघडली म्हणून शिक्षा, हा न्याय जरा अजबच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मात्र नेहमी खरं ठरलं नाही. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये खेळ करणाऱ्या जॉन नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने आपल्या पेटीच्या खेळाची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. दोघांनी पेटी बनवून आणली. मॅस्केलिन म्हणाला, ही माझी पेटी नव्हे. मग तुझी कशी आहे ते दाखव! ते काही तो करेना. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मॅस्केलिन हरला.

एका जादूगाराचं गुपित मृत्यूने उघडं केलं. चुंग लिंग सू नावाने गाजलेला जादूगार मुळात विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. रंगमंचावर तो इंग्रजीत अवाक्षर काढत नसे. झाडलेली गोळी बशीत झेलणं हा त्याचा हुकमी खेळ. २३ मार्च १९१८च्या रात्री वुड ग्रीन एम्पायर थिएटरात गोळी खरोखरच छातीत घुसली आणि चिनी जादूगार प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा इंग्रजी बोलला. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत त्याच्या बायकोला बंदुकीची रचना सांगावी लागली. गोळी भरलेल्या नळीला आग लागायचीच नव्हती. बार उडायचा तो तिच्याखाली, गज ठेवायच्या नळीतून. वर्षानुवर्षांच्या वापराने आतला आटा झिजला, दारूचे कण नको तिथे झिरपले आणि भरलेली नळी पेटली. अपघाती मृत्यू, असा निकाल लागला.

पण कोर्टकचेरीत सगळ्यात जास्त चटके बसले ते होरेस गोल्डिनला. बाईला करवतीने कापण्याचा खेळ जानेवारी १९२१मध्ये पी. टी. सेल्बिटने लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये आणला. बाई पूर्ण पेटीत बंद, हातापायांना बांधलेले दोर प्रेक्षकांच्या हातात. जाहिरातीचा त्याचा सोस भलताच: थिएटरबाहेर रुग्णवाहिका उभी, कामगार गटारात रक्तासारखं काहीतरी ओततायत. त्याच वर्षी अमेरिकेत गोल्डिनने आपली तऱ्हा काढली. त्याच्या पेटीतून डोकं, हात आणि पाय बाहेर दिसत, त्यामुळे धक्का दुप्पट. खेळाची फोड करणाऱ्या चित्रपट कंपनीविरुद्ध त्याने १९२२मध्ये मनाई हुकूम मिळवला. तेवढ्यावर न थांबता पेटंटही घेतलं, ते १९२३मध्ये मंजूर झालं.

इथे गोल्डिन फसला. पेटंट म्हणजे सरकारला आपली रचना आकृत्यांसह सांगणं, आणि ती आकृती हवी त्याला मिळते. टेबलाच्या आत लपणारी दुसरी बाई त्या कागदावर नीट रेखाटलेली होती. पहिलीचं डोकं, दुसरीचे पाय. १९३३मध्ये कॅमल सिगारेटवाल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने वर्तमानपत्रांतून जाहिरातींची मालिका काढली: फसण्यात मजा आहे, पण कसं फसलो हे कळण्यात जास्त मजा. त्यात हा खेळ चित्रांसकट उलगडला होता. घरोघरी सिगारेटच्या धुराबरोबर बाईचे दोन तुकडे कसे होतात याची चर्चा. गोल्डिनने दावा लावला, तो १९३८मध्ये फेटाळला गेला. जे स्वतःच पेटंटमध्ये जगजाहीर केलं, त्याला गुपित कसं म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोल्डिनने तोवर पेटी टाकून देऊन उघड्यावर, विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीने कापायला सुरुवात केली होती, एवढंच काय ते समाधान.

अशाच गोल करवतीने ९ एप्रिल १९५६च्या रात्री इंग्लंडची झोप उडाली. कलकत्त्याचे पी. सी. सरकार बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात आले होते. १७ वर्षांची दीप्ती डे टेबलावर आडवी, करवत शरीरातून गेलेली. सरकार तिला जागी करू लागले. हात चोळले, हलवलं, हालचाल नाही. त्यांनी तिचा चेहरा काळ्या कापडाने झाकला. निवेदक रिचर्ड डिम्बल्बी कॅमेऱ्यापुढे आले, निरोप घेतला आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली, असं समजून हादरलेल्या प्रेक्षकांच्या फोनने बीबीसीच्या तारा तुंबल्या. अधिकृत खुलासा असा की वेळ संपली होती. पण ज्याचा सगळा धंदाच सेकंदांच्या हिशेबावर चालतो, त्या माणसाला घड्याळ कळलं नसेल? सकाळच्या पेपरांत बातमी पहिल्या पानावर होती आणि सरकारांच्या लंडनच्या खेळांची तिकिटं हातोहात खपली. ‘कसं केलं?’ हा प्रश्न मागे पडून ‘वाचली का?’ हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचं उत्तर द्यायला सरकार ताकास तूर लागू न देता रात्रभर थांबले.

घराण्यातल्या माणसाला मात्र ‘कसं केलं?’ हे विचारावं लागत नाही. सरकारांचा वारसा मुलाकडे गेला. पुण्याच्या जादूगार रघुवीरांची विद्या मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांच्यापर्यंत आली.

महाराष्ट्रात गेली काही दशकं आणखी एक उत्तर ऐकू येतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांत, गावच्या चौकात चमत्कार करून दाखवतात. मंत्र म्हणत राखेवर ‘तूप’ सोडतात आणि काडी न लावता होम पेटतो. नारळाच्या शेंडीवर पाणी शिंपडलं की जाळ होतो, करणी निघाली असं सांगतात. पोरं डोळे विस्फारून बघत असतानाच कार्यकर्ता सांगून टाकतो: राखेखाली पोटॅशियम परमँगनेट होतं, तूप नव्हे ग्लिसरीन होतं, शेंडीत सोडियमचा तुकडा होता, तो पाण्याने पेटतो. इथे दाखवणं हे निमित्त, सांगणं हेच काम. केरळातून आलेले बी. प्रेमानंद यांनी अशा प्रयोगांची मोठी जंत्रीच तयार करून देशभर वाटली होती. डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला, त्यात चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवणं, लुबाडणं गुन्हा ठरलं.

गुपित राखणारा जादूगार आणि ते फोडणारा कार्यकर्ता, या दोघांच्या मधे आठवडी बाजारातला गारुडी सापडतो. दोन पेले, तीन गोळ्या आणि टोपलीतलं पोर, हा त्याचा खेळ फुकटातच होतो. थाळीत पडतात ती चिल्लर नाणी. खरी कमाई शेवटी, ताईत आणि अंगठ्या काढून मांडल्यावर. हातात विद्या आहे असं वाटलं तरच ताईत खपणार. कार्यकर्त्याचा राग त्या ताइतावर आहे, पेल्यांवर नाही. पण पेल्याखालची चौथी गोळी दाखवली की ताइताचा धंदाही बसतो आणि थाळीही रिकामी राहते, आणि गारुड्याला दुसरं काही विकता येत नाही.