सैनिक गेला, अपील गेले

२००८ साली लेकीकडे अमेरिकेत होतो. सप्टेंबरात शेजारच्या बाईंचे यजमान वारले. व्हिएतनाम युद्धातले सैनिक. अपंगत्व भत्त्यासाठीचे त्यांचे अपील पडूनच होते. जुना कायदा म्हणे, सैनिकाबरोबर अपीलही संपले! विधवेने वर्षाच्या आत थकबाकीचा नवा अर्ज करायचा, पुन्हा रांगेच्या शेवटी. फायलीत आधी असलेलाच पुरावा धरायचा. थकबाकीही १९९६ पर्यंत एका वर्षाची, पुढे २००३ पर्यंत दोन वर्षांचीच मिळे.

१० ऑक्टोबर २००८ ला कायदा बदलला. त्या दिवशी वा नंतर सैनिक वारला, तर पत्नी वर्षाच्या आत अर्ज करून त्याच्या जागी तेच अपील चालवू शकते, नवा पुरावाही देऊ शकते.

बाईंचे जेमतेम काही आठवड्यांनी हुकले. कागदांची पिशवी तेवढी मांडीवर राहिली.