पुलावरचा रियाज

1960 सालचा हिवाळा. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावरून तुम्ही पायी निघाला आहात. खाली ईस्ट रिव्हर. शेजारच्या रुळांवरून गाडी धडधडत जाते, तेव्हा पायांखालचा पूल थरथरतो. गाडी लांब गेली की वाऱ्यावरून टेनर सॅक्सोफोनचा भरदार सूर कानावर येतो.

जवळ जा. ओव्हरकोटातला एक उंचापुरा माणूस नदीकडे तोंड करून उभा आहे. तो ओठांनी रीड ओली करतो, छातीभर श्वास घेतो आणि एकच पलटा घोटू लागतो. आधी विलंबित, मग दुगुणीत, मग खालच्या सप्तकात. नदीतल्या बोटीचा भोंगा वाजला की तोच सूर पकडून तो उत्तर देतो. जाणारे-येणारे थांबत नाहीत. हा जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

1930 साली हार्लेममध्ये जन्मलेला हा पोरगा विशीत हेरॉइनच्या विळख्यात सापडला, तुरुंगात गेला आणि 1955 मध्ये उपचार घेऊन सावरला. पुढच्याच वर्षी त्याने ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. आईकडून आलेलं कॅरिबियन संगीत त्यातल्या ‘सेंट थॉमस’मध्ये नाचत होतं. सगळीकडे नाव झालं आणि 1959 मध्ये त्याने मैफलीच बंद केल्या. लोक वाखाणतात तेवढं आपलं वादन अजून झालेलं नाही, हे त्याला बोचत होतं. घरी वाजवावं तर शेजारीण गरोदर, म्हणून हा पूल. कधी कधी दिवसाचे पंधरा तास.

1961 च्या नोव्हेंबरात तो मैफलींत परततो, 1962 मध्ये ‘द ब्रिज’ हा अल्बम येतो. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस तो तुम्हाला आपल्याकडच्या पवईतल्या एका आश्रमात योगसाधना करताना भेटेल.

आता 15 सप्टेंबर 2001, बॉस्टन. वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळून चारच दिवस झालेत. तिथून काही गल्ल्यांवरचं घर सोडताना रोलिन्सने सॅक्सोफोन तेवढा बरोबर घेतला होता. पत्नी ल्युसिलच्या आग्रहाखातर एकाहत्तरीचा हा माणूस मंचावर उभा राहतो आणि जीव ओतून वाजवतो. त्या मैफलीतल्या वादनाला पुढे ग्रॅमी मिळालं.

फुप्फुसाच्या आजाराने 2012 नंतर त्याचं जाहीर वादन थांबलं. नाव झाल्यावर रियाज वाढवणारे कलावंत थोडे. रोलिन्स त्यांतला अग्रणी. ‘द ब्रिज’ एकदा सलग, दुसरं काही न करता ऐका.